पाहणी केली, दिसली नाही

चिखलीत ज्या घरात मी तीन वर्षे भाड्याने राहिलो, त्या घराचे मालक डावे-उजवे हे शब्द वापरत नसत. तांब्या कुठे आहे, असे विचारले तर ते म्हणत, "माठाच्या पूर्वेले." एकदा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांच्या पाठीला बाम लावत होत्या. नेमके कुठे दुखते, असे त्यांनी विचारले. "नैऋत्येले," मालक म्हणाले.

"अवो, पालथ्या माणसाचं नैऋत्य मी कोणीकडून मोजू?" काकू म्हणाल्या आणि सगळ्या पाठीला बाम फासून मोकळ्या झाल्या.

ते निवृत्त तलाठी होते. सुलतानपूर, धामणगाव बढे आणि आणखी काही गावांत मिळून त्यांची नोकरी झाली. सगळी गल्ली त्यांना तलाठीसाहेब म्हणे, मीही तेच म्हणत असे. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. ते मला 'पेपरवाले' म्हणत.

तालुक्यात त्यांच्याविषयी एकच गोष्ट सांगितली जाई. पिकांची पाहणी करायला ते प्रत्येक बांधावर स्वतः जात. उभे असेल तर उभे लिहीत, पडीक असेल तर पडीक. एकाने हरभऱ्याच्या जागी गहू लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा ते त्याला त्याच्याच शेतात घेऊन गेले. "मले याच्यातली एक ओंबी दाखव," ते म्हणाले, "एक दाखवली तं सारा गहू लिहितो." तो माणूस ही गोष्ट पुढे स्वतःच हसत हसत सांगे.

वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. दक्षिणेची माझी. उत्तरेच्या खोलीला बाहेरून कडी असे आणि आतून दिवसभर कूलरचा आवाज येई. मार्च लागला की वऱ्हाडात कूलर लागतातच, त्यात नवल नाही. पण हा जानेवारीतही चालू होता. दाराखालून ओल्या मातीचा आणि ओल्या गवताचा वास येई. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात रोज दोन बादल्या पाणी त्या खोलीत जात होते.

"तिथे कोण राहतं?" मी काकूंना विचारले.

"पाव्हणी."

"कुठली?"

"ते त्यायलेच इचारा. मी फक्त बादल्या मोजते."

महिनाभराने तलाठीसाहेबांनी मला आत नेले. मी काय करतो, कुठे जातो, किती बोलतो, याची पाहणी तोवर पूर्ण झाली असावी.

बाहेर लख्ख ऊन होते. आत हिरवा अंधार होता. खिडकीला हिरवी शेडनेट, भिंतींवर छतापर्यंत चढलेली मनीप्लँटची मोठी पाने, कोपऱ्यांत रबराची झाडे आणि आडव्या-उभ्या बांधलेल्या पेरूच्या फांद्या. पानांवरून थेंब पडत होते. एक पडला की काही वेळ काहीच होत नसे, मग दुसरा पडे. कूलरच्या गवतातून येणारी हवा पाने हळूहळू हलवीत होती. मध्ये एक लोखंडी खुर्ची होती. भिंतीवर घड्याळ होते आणि ते साडेतीन तास पुढे होते.

मी दहा मिनिटे पाहत राहिलो. मला काहीच दिसले नाही.

"नाही दिसली ना?" त्यांनी समाधानाने विचारले.

"नाही."

"बरोबर. झाडावरचं जनावर हाय ते. दिसून राह्यलं म्हंजे समजा का त्याले काही कमी हाय. पाणी कमी हाय, नाही तं भूक लागली, नाही तं भेव वाटून राह्यलं. दिसली नाही, तो दिवस चांगला."

खुर्चीवर एक लांबट वही होती. त्यांनी ती उघडली आणि तारखेपुढे लिहिले : पाहणी केली. दिसली नाही. पाने ओली. मागची पानेच्या पाने याच तीन वाक्यांनी भरलेली होती. क्वचित कुठे 'दिसली' असा शब्द होता आणि त्याखाली लाल रेघ होती.

मला ती पहिल्यांदा दिसली त्यानंतर पंधरा दिवसांनी. घड्याळाच्या वर, वायव्य कोपऱ्यातल्या फांदीवर, एक पान इतर पानांपेक्षा सावकाश हलत होते. ते पान नव्हते, डोके होते. मग त्यामागचे सडपातळ अंग दिसू लागले. कोवळ्या पोपटी रंगाचे, त्यावर काळ्या बारीक रेघा. शेपूट अंगाच्या दुप्पट लांब. तिने ती घड्याळाच्या खिळ्याला गुंडाळली होती, एखाद्या मुलाने बोट धरावे तशी. जात घोरपडीचीच, पण आपली घोरपड राखट, जाडजूड आणि जमिनीवरची. ही पूर्वेकडच्या एका मोठ्या बेटावरची. आयुष्यभर झाडावर राहते, दुर्मिळ आहे आणि तिला रोज पाऊस लागतो.

ती तलाठीसाहेबांची नव्हती. माझ्या आधी त्या खोलीत औषध कंपनीचा एक प्रतिनिधी राहत असे. त्याने ती कुठल्याशा मोठ्या शहरातून मागवली होती. एके सकाळी तो भोके पाडलेला खोका आणि एक कागद त्यांच्या हातात देऊन गेला. कागदावर खाणे-पिणे लिहिले होते. "आठ दिवसांत येतो," असे तो म्हणाला होता. मी राहायला आलो तेव्हा त्या गोष्टीला दोन वर्षे झाली होती आणि त्याचा फोन कधीचा बंद होता.

"मग आता ती तुमचीच की," मी म्हणालो.

"माही कशी? सुपूर्दनाम्यावर हाय ती माह्याकडं."

जप्त केलेली वस्तू गावातल्या भरवशाच्या माणसाकडे ठेवतात आणि मागाल तेव्हा जशीच्या तशी परत देईन, असे त्याच्याकडून लिहून घेतात. तो सुपूर्दनामा. त्यांनी नोकरीत असे पुष्कळ कागद केले होते, रेतीच्या ट्रॅक्टरांचे, इंजिनांचे, एकदा एका म्हशीचा. ती म्हैस सांभाळणाऱ्याच्या दारात व्याली आणि वगारीचा मालक कोण, यावर गावात दोन तट पडले. ही हकिगत ते अर्धा तास सांगत. पण त्या प्रतिनिधीने काहीच लिहून घेतले नव्हते. कागद नाही म्हणून जबाबदारी नाही, हे तलाठीसाहेबांना पटत नव्हते. उलट कागद नसल्याने ती वाढली आहे, असे त्यांचे मत होते. दुसऱ्याची वस्तू म्हणून त्यांनी तिला नावही दिले नाही. पाव्हणी हाच उल्लेख.

दुपारी जेवण झाले की ते त्या खुर्चीवर जाऊन बसत. मीही बातम्या पाठवून झाल्या की कधी उंबऱ्यावर बसे. बोलणे फारसे होत नसे. थेंब पडत, कूलर गुणगुणे. गल्लीतून भंगारवाल्याची हाक येई ती फार लांबून आल्यासारखी वाटे. डोळे अर्धवट मिटले की खोलीच्या भिंती राहत नसत. एकदा ते म्हणाले, "मी नागपूरच्या पुढं गेलो नाही, पेपरवाले. पण इथं बसलो का मले वाटते, समुद्र इथून उत्तरेले असंल. गच्चीच्या पलीकडं."

उत्तरेला गच्ची होती आणि गच्चीच्या पलीकडे जिनिंगच्या पत्र्यांची शेडे होती.

ते घड्याळ तिच्या बेटाच्या वेळेवर लावलेले होते. तिथे आपल्याआधी साडेतीन तास उजाडते, हे त्यांनी माझ्या फोनवरून काढून घेतले होते. रोज सकाळी जिन्याखालून त्यांची हाक येई.

"पेपरवाले, पाहा बरं, तिच्या माहेरी पाऊस हाय का आज?"

मी फोनवर पाहून सांगे. पाऊस असेल तर त्या वेळेला ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊन खोलीत जात. पंप नवा होता, औषधाचा थेंबही त्यात कधी पडला नव्हता. पंधरा मिनिटे फवारा चाले. तिकडे पाऊस नसेल तर इकडे फक्त कूलर. एकदा सलग चार दिवस तिकडे पाऊस नव्हता. पाचव्या दिवशी मी पाऊस असल्याचे सांगितले. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"खरं सांगा."

"नाही, आजही नाही," मी म्हणालो.

"मंग नाही म्हना ना. तिकडं नाही तं नाही. माह्यासाठी कायले पाडता?"

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. "एका घरात दोन टाइम," त्या म्हणाल्या, "तिच्या माहेरचा पाऊस यायले समजते. माह्या माहेरी लगन होतं, ते इसरले."

तिचे खाणे म्हणजे नाकतोडे. शेतांत नाकतोड्यांना तोटा नाही, पण सोयाबीनवर फवारणी होते आणि फवारलेला नाकतोडा खाल्ला तर ती मरणार. कोणत्या शेतात फवारणी होत नाही, हे तालुक्यात एकाच माणसाला गट नंबरासकट पाठ होते. ते सकाळी जाळी आणि बरणी घेऊन सायकलवर निघत. निवृत्तीनंतरही तलाठी बांधावर उभा राहून पिकात वाकून पाहतो, हे पाहून नव्या शेतमालकांना काळजी वाटे. "साहेब, काही मोजणी निघाली का?" असे एकाने घाबरून विचारल्याचे मी स्वतः ऐकले आहे.

गोष्ट बाहेर फुटली ती गुडघ्यांमुळे. शेजारी एसटीतले एक निवृत्त कंडक्टर राहत. एकदा गच्चीवरून त्यांना शेडनेटच्या फटीतून शेपूट दिसली. दुसऱ्या दिवशी ते वाटी घेऊन आले.

"साहेब, घोरपडीचं तेल गुडघ्याले लय चांगलं. थोडंसं द्या ना."

"तेल काय घोरपड काढून देते का? म्हैस हाय का ती, का सकाळ-संध्याकाळ पिळली?"

"जिती ठेवून कुठं निंघते तेल? एक दिवस तं कापसालच तिले."

तलाठीसाहेबांनी त्यांना शांतपणे जिन्याखाली पोचवले आणि घरातली खोबरेलाची बाटली त्यांच्या हातात ठेवली. पण महिनाभरात गल्लीत सगळ्यांना माहीत झाले. तक्रार कोणी केली, हे मला माहीत नाही. मी ते शोधले नाही.

एप्रिलमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास वन खात्याची माणसे आली. एक वनपाल आणि दोन वनरक्षक. वनपाल तिशीतल्या बाई होत्या. चपला काढून वर आल्या. "साहेब, तक्रार आहे, बघणं भाग आहे," असे म्हणाल्या. पंच म्हणून दोघे लागतात. वरच्या मजल्यावर मी होतोच. दुसरे कंडक्टर. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढायला वेळ लागला.

खोलीत सहा माणसे उभी राहिली. वीस मिनिटे शोध चालला. वनरक्षकांनी कुंड्या सरकवल्या, पाने उचलली. तलाठीसाहेब खुर्चीमागे उभे होते. ते कुठेच पाहत नव्हते. "काय आहे इथे?" बाईंनी विचारले. "पाहा ना तुमी," एवढेच ते म्हणाले. खोटे त्यांनी काही सांगितले नाही. शेवटी बाईंनी हातातली आपली वही मिटली. "झाडांची आवड दिसते तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

त्याच वेळी मी घड्याळाकडे पाहिले. त्या खोलीत असलो की मधूनमधून तिथली वेळ पाहायची, ही सवय झाली होती. घड्याळ पाहिले आणि मग नजर वर गेली, फांदीपर्यंत. एक सेकंद असेल. बाई माझ्याकडे पाहत होत्या.

"हे घड्याळ पुढे आहे का?" त्यांनी विचारले आणि जवळ गेल्या. खिळ्याला शेपूट गुंडाळलेली होती.

"घोरपडच हाय! मी म्हनलं नव्हतं?" कंडक्टर म्हणाले.

तलाठीसाहेबांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्या दिवशी नाही, नंतरही त्या क्षणाबद्दल ते कधी बोलले नाहीत. खोलीत काय आहे हे पाहणे, हा माझा धंदा होता. तेवढे मी केले.

बाईंनी पंचनामा लिहायला घेतला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही सरकारी माणूस. मी सरळ सांगते. घोरपडीचं पिल्लू उन्हामुळे घरात शिरलं, आम्ही पकडलं, जंगलात सोडलं, एवढं लिहिते. विषय संपला. तुम्हाला काही त्रास नाही."

काकू दारात होत्या. "हाव म्हना ना," त्या हळूच म्हणाल्या.

सगळे तलाठीसाहेबांकडे पाहू लागले. त्यांनी खिडकीच्या नेटचा कोपरा उचलला. बाहेरचे ऊन पात्यासारखे आत आले.

"बाई, घोरपड लिहू नका," ते म्हणाले.

"का?"

"घोरपड लिहिली का तुमाले ती सोडावीच लागंल. कुठं सोडता? जंगलात सागाले एक पान नाही आज. ओढे आटले. ही दोन दिवस जगंल, लय झालं तं तीन. जमिनीवर उतरायचंच माहीत नाही तिले."

"आणि घोरपड नाही लिहिली तर काय लिहू?"

"जे हाय ते लिहा. परदेशी. झाडावरची. कागद नाही. चार वर्षांच्या वर झाले, ताबा माहा."

बाईंनी पेन खाली ठेवले. "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? परदेशी म्हटलं की सोडता येणार नाही, वरती कळवावं लागेल. आणि कागद नाही म्हटलं की चौकशी तुमच्यावर येणार. या वयात."

"जिंदगीभर दुसऱ्यायचे पंचनामे लिहिले, बाई. मले नाही कळंल तं कोनाले कळंल? लिहा. ताबा माहा."

मी सही केली. कंडक्टरांनीही केली. सही करताना ते पुटपुटले, "मले वाटलं होतं देशी हाय."

तिला न्यायचे कुठे, हा प्रश्न होता. खात्याच्या कार्यालयाचे छप्पर पत्र्याचे होते, उन्हाने तापलेले. बाईंनी गच्चीवर जाऊन फोन केले. वरून व्यवस्था होईपर्यंत प्राणी जागेवरच, संबंधिताच्या ताब्यात ठेवावा, असे ठरले. त्यासाठी सुपूर्दनामा लागणार होता.

"मी लिहू का?" तलाठीसाहेबांनी विचारले.

बाईंनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. चार वर्षांनी त्यांना तो कागद मिळत होता. त्यांनी तासभर लावला. खोलीची चतुःसीमा लिहिली : पूर्वेस खिडकी व कूलर, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस पत्रकार भाडेकरूची खोली, उत्तरेस गच्ची. मग प्राण्याचे वर्णन, अंगावरच्या काळ्या रेघांच्या संख्येसकट. शेवटी, मागाल तेव्हा जशीच्या तशी परत देईन. खाली सही केली आणि ती वाळेपर्यंत कागदावर हात धरून बसले.

अकरा दिवस ती त्या कागदावर तिथे राहिली. त्या दिवसांत त्यांनी पंप पाठीवरून जवळजवळ उतरवला नाही. नळ आला नव्हता. काकूंनी पहिल्या दिवशीच स्वतःच्या वाटणीची बादली जिन्यावर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "न्हाऊ नंतर. जायचं माणूस हाय घरात."

बाराव्या दिवशी सकाळी गाडी आली. सोबत एक डॉक्टर होता. त्याने तिची तपासणी केली, वजन केले आणि विचारले, "कोणी सांगितलं तुम्हाला हे सगळं करायला? इतकी चांगली अवस्था मी पाहिली नाही." तलाठीसाहेबांनी त्याला चार वर्षांच्या वह्या दिल्या. त्याने दोन पाने चाळली. "यात तर सगळीकडे दिसली नाही असंच लिहिलंय," तो म्हणाला.

"वाचता वाचता समजंल," ते म्हणाले.

त्यांनी पोच मागितली, घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत ते उभे होते. मग वर गेले आणि पाने पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी दोन दैनिकांत एका कॉलमाची बातमी आली : निवृत्त तलाठ्याच्या घरात दुर्मिळ घोरपड. माझ्या संपादकांनी विचारले, आपल्याकडे का नाही? मी पंच होतो, असे मी सांगितले. ते उत्तर त्यांना पुरले नाही.

चौकशीसाठी तलाठीसाहेबांना दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा ते दिलेल्या वेळेच्या तासभर आधी जाऊन बसले. पुढे काय झाले, हे त्यांनी सांगितले नाही. खोली त्यांनी पुन्हा भाड्याने दिली नाही. मनीप्लँट तसेच वाढत राहिले. पुढे एकदा घड्याळातला सेल संपला. तो काकूंनी आणून घातला आणि वेळ तीच लावली, साडेतीन तास पुढे.

वर्षभराने माझी एका मोठ्या शहरात बदली झाली, आता इथेच राहतो. नंतर कळले की तिला ज्या प्राणिसंग्रहालयात ठेवले आहे, ते याच शहरात आहे. हे मी त्यांना कळवले. मी जाऊन पाहावे, असे ते कधी म्हणाले नाहीत. फोनवर फक्त विचारत, "तिकडं जाणं होते का कधी?"

गेल्या महिन्यात गेलो. काचेमागे एक उंच, हिरवा कप्पा होता. आत फांद्या, वेली, रुंद पाने. वरून बारीक फवारा येत होता आणि काचेच्या आतून थेंब ओघळत होते. शाळेची सहल आली. "याच्यात काहीच नाहीये!" एक मुलगी ओरडली आणि सगळी सहल मगरींकडे धावली. मग शांत झाले. थेंब पडत राहिले. काही वेळाने मला ती काच जाणवेनाशी झाली. मी पाऊण तास उभा होतो.

एकदा, वरच्या बाजूला, वायव्येकडचे एक पान इतरांपेक्षा सावकाश हलले. मी मान खाली घातली आणि बुटांकडे पाहत राहिलो.

बाहेर येऊन तलाठीसाहेबांना फोन लावला.

"गेलो होतो," मी म्हणालो.

मग त्यांनी विचारले, "किती वेळ थांबले?"

"पाऊण तास."

"मंग?"

"दिसली नाही."

"पुरा पाऊण तास?"

"हो. दिसली नाही."

"पानं?"

"ओली होती."

त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. "थांबा," ते म्हणाले, "लिहून घेतो." वहीची पाने उलटल्याचा आवाज आला, मागून काकूंनी पेन कुठे आहे ते सांगितले, कपाटाच्या पश्चिमेला. मग ते पुन्हा फोनवर आले.

"पेपरवाले, टाइम कोणता टाकू? आपला का तिचा?"

"तिचा टाका," मी म्हणालो.